आठवण मेंदूत नेमकी कुठे असते?

उत्खनन :

मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली की कोणती क्षमता जाते, याच्या पद्धतशीर नोंदी वैद्यकशास्त्राकडे दीड शतकाहून अधिक काळ आहेत. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या भागात झालेली इजा दाखवली आणि बोलण्याच्या क्षमतेला मेंदूत ठरावीक जागा आहे हे मान्य होऊ लागले. पुढे दृष्टी, स्पर्श, हालचालींचे नियंत्रण यांच्या जागाही एकेक करून निश्चित झाल्या. स्मृतीची जागा मात्र सापडेना. कार्ल लॅश्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी सुमारे तीन दशके उंदरांना चक्रव्यूहातली वाट शिकवली आणि मग त्यांच्या मेंदूच्या बाह्यस्तराचे, म्हणजे कॉर्टेक्सचे, वेगवेगळे भाग निकामी करून पाहिले. कोणताही एक भाग गेल्याने शिकलेली वाट समूळ नाहीशी झाली नाही. जितका मोठा भाग जाई तितक्या चुका वाढत, एवढेच दिसले. १९५० साली या साऱ्या खटाटोपाचा आढावा घेताना, हा पुरावा पाहिला की शिकणे मुळी शक्यच नाही असा निष्कर्ष काढावासा वाटतो, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले.

त्यानंतरच्या काळात चित्र खूप बदलले आहे, तरी मला पडलेला प्रश्न सुटलेला नाही, आणि त्याला दोन बाजू आहेत. आठवण एखाद्या जागी असते असे म्हणायचे, तर त्या जागी नेमके काय असते? दुसरी बाजू मला अधिक अवघड वाटते. बहुतेक चेतापेशी आयुष्यभर टिकत असल्या तरी त्यांच्यातली बहुतांश प्रथिने काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोडतात आणि त्यांची जागा नवी प्रथिने घेतात. डीएनएच्या रचनेच्या शोधातले एक शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांनी १९८४ साली हाच मुद्दा उपस्थित केला होता. रेणू असे बदलत राहतात, तर ऐंशी वर्षांच्या माणसाला सहाव्या वर्षीचा प्रसंग आठवतो तो कशाच्या आधारावर?

माझे मत असे होत चालले आहे की आठवण दर वेळी नव्याने घडवली जाते आणि दोन वेळांच्या मधल्या काळात मेंदूत टिकते ती फक्त घडवण्याची तयारी. जाणकारांनी हे मत तपासून पाहावे आणि खोडून काढता आले तर अवश्य काढावे.

पिंपळपान :

या विषयाची चर्चा हेन्री मोलेसन यांच्यापासून सुरू व्हायला हवी. त्यांचा जन्म १९२६ सालचा. ते हयात असेपर्यंत शास्त्रीय लेखनात त्यांचा उल्लेख केवळ आद्याक्षरांनी होत असे. पूर्ण नाव २००८ साली त्यांच्या निधनानंतर जाहीर झाले. त्यांना अपस्माराचे तीव्र झटके येत आणि औषधांचा उपयोग होत नव्हता, म्हणून १९५३ साली विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा कानशिलामागचा आतला भाग काढला. हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा त्यात गेला. झटके पुष्कळ कमी झाले, परंतु त्या दिवसानंतरची एकही नवी घटना त्यांच्या लक्षात राहीनाशी झाली. भेटून गेलेली व्यक्ती थोड्या वेळाने परत आली तर ती त्यांना अनोळखी वाटे. बुद्धिमत्ता शाबूत होती, भाषा शाबूत होती, आणि सांगितलेले आकडे लगेच परत म्हणून दाखवणेही त्यांना जमत असे.

ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यातला एक प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आरशात पाहत चांदणीच्या आकृतीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायची, असे ते काम होते. तीन दिवसांच्या सरावात मोलेसन यांचा हात उत्तम बसला, पण हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्यांना दर दिवशी काहीही आठवण नसे. स्मृती एक नाही, अनेक प्रकारच्या आहेत आणि त्यांना मेंदूचे वेगवेगळे भाग लागतात, हे त्यातून सिद्ध झाले. तेव्हा उत्खनन यांच्या प्रश्नाला माझा पहिला प्रतिप्रश्न आहे : कोणती आठवण?

स्वरलीन :

पिंपळपान यांच्या प्रतिसादाला संगीताच्या बाजूने पुष्टी देते. क्लाइव्ह वेअरिंग या ब्रिटिश संगीतज्ञांच्या मेंदूला १९८५ साली हर्पीसच्या विषाणूमुळे सूज आली आणि हिप्पोकॅम्पससह बराच भाग नष्ट झाला. त्यानंतर त्यांची स्मृती काही सेकंदांपलीकडे टिकेना. आपण आत्ताच जागे झालो आहोत, अशा नोंदी ते रोजनिशीत पुन्हा पुन्हा करत आणि आधीची नोंद खोडून टाकत. हेच गृहस्थ पियानोसमोर बसले की वाजवू शकत आणि समोर वृंद असेल तर त्याचे संचालनही करू शकत. रचना सुरू असेपर्यंत प्रत्येक सुरातून पुढचा सूर निघत राही, म्हणून मागचे आठवण्याची त्यांना गरज पडत नसावी, असे मला वाटते.

वाद्य शिकवताना मला याचा लहानसा पडताळा नेहमी येतो. चांगली तयारी झालेल्या विद्यार्थ्याला मध्येच थांबवून पुढे कोणता सूर आहे असे विचारले तर त्याला सांगता येत नाही, आणि दोन ओळी मागून वाजवायला सांगितले की बोटे अचूक त्या सुरावर जातात.

अनुबंध :

फार मोलाची चर्चा चालली आहे. वाचते आहे.

सूक्ष्मदर्शी :

दोन्ही प्रतिसाद मेंदूच्या भागांविषयी आहेत. उत्खनन यांचा प्रश्न पेशींच्या पातळीवर नेला तर काय मिळते, ते मांडतो.

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. हा आकडा सुझाना हर्कुलानो-हाउझेल या ब्राझिलियन संशोधिकेच्या गटाने २००९ साली प्रत्यक्ष मोजणीतून काढला; त्यापूर्वी सर्रास सांगितला जाणारा दहा हजार कोटींचा आकडा अंदाजाचा होता. यांतल्या जवळजवळ ६,९०० कोटी पेशी मेंदूच्या मागे, खाली असलेल्या लहान मेंदूत असतात आणि कॉर्टेक्समध्ये केवळ १,६०० कोटी. प्रत्येक पेशी इतर हजारो पेशींशी सूक्ष्म सांध्यांनी जोडलेली असते. शिकणे म्हणजे या सांध्यांच्या बळात होणारा बदल, ही कल्पना सान्तियागो रामोन इ काहाल यांच्यापासून चालत आली आणि डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली तिला नेमके रूप दिले : एक पेशी दुसरीला वारंवार उद्दीपित करत राहिली की त्यांच्यातला सांधा बळकट होतो.

प्रत्यक्ष पुरावा १९७३ साली आला. टिमोथी ब्लिस आणि तेरिए लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसकडे जाणाऱ्या तंतूंना थोडा वेळ जलद विद्युत स्पंदने दिली, तेव्हा पलीकडच्या पेशींचा प्रतिसाद वाढला आणि तो पुढे कित्येक तास वाढलेलाच राहिला. एरिक कँडेल यांनी सुमारे वीस हजार चेतापेशी असलेल्या समुद्री गोगलगायीवर काम केले. अल्पकाळच्या शिकण्यात असलेल्या सांध्यांमधून अधिक रसायन सुटते, आणि दीर्घकाळच्या शिकण्यात जनुके कामाला लागून नवी प्रथिने तयार होतात व नवे सांधे फुटतात, हा फरक त्यांनी दाखवला. त्यांना २००० सालच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. माझ्या मते आठवण सांध्यांच्या बदललेल्या जाळ्यात असते, आणि हे उत्तर आता पुरेसे पक्के आहे.

तर्ककठोर :

सूक्ष्मदर्शी यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, तरीही तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. सांधे बळकट होणे ही शिकण्याबरोबर घडणारी गोष्ट आहे, हे मान्य. पण सशाच्या मेंदूत विजेच्या स्पंदनांनी घडवून आणलेला बदल म्हणजे आठवण, असे म्हणता येईल का? तो ससा काहीच शिकला नव्हता. सोबत घडते ते आणि कारणीभूत असते ते, यांतला फरक या क्षेत्रात फार वेळा विसरला गेला आहे. एखादा सांध्यांचा समूह म्हणजेच एखादी आठवण हे सिद्ध करायचे असेल, तर तो समूह बाहेरून चालवल्यावर ती आठवण उमटली पाहिजे आणि तो बंद केल्यावर ती मिटली पाहिजे. या कसोटीला उतरेपर्यंत मी त्याला गृहीतकच म्हणेन.

आणखी एक विनंती. मेंदूची संगणकाशी तुलना या चर्चेत आणू नये. संगणकात माहिती ठेवण्याची जागा आणि तिच्यावर काम करण्याची जागा वेगळी असते. मेंदूत जे सांधे काम करतात तेच शिकण्याने बदलतात.

सूक्ष्मदर्शी :

आपण सांगितलेली कसोटी घेतली गेली आहे. सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत शू लिऊ, स्टीव्ह रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली उंदरांवर केलेला प्रयोग पाहावा. त्यांनी अशी जनुकीय योजना केली की ठरावीक काळात हिप्पोकॅम्पसमधल्या ज्या पेशी सक्रिय होतील, फक्त त्यांच्यातच प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन तयार व्हावे. त्या काळात उंदराला एका पेटीत पायाला सौम्य विजेचा धक्का दिला. नंतर त्याला पूर्णपणे वेगळ्या पेटीत ठेवले, जिथे घाबरण्याचे काहीच कारण नव्हते. तिथे बारीक प्रकाशतंतूतून त्या खूण केलेल्या पेशींवर निळा प्रकाश टाकताच उंदीर भीतीने जागीच गोठला. प्रकाश बंद होताच तो पुन्हा वावरू लागला.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने आणखी पुढचा प्रयोग केला. एका निर्धोक पेटीच्या अनुभवात सक्रिय झालेल्या पेशींवर खूण केली, दुसऱ्या पेटीत त्या पेशी प्रकाशाने जाग्या करून त्याच वेळी धक्का दिला, आणि उंदराला परत पहिल्या पेटीत सोडले. जिथे त्याला कधीही धक्का बसला नव्हता, त्या पेटीला तो घाबरला. खोटी आठवण बाहेरून घातली गेली होती. अशा पेशी दाबून टाकल्या तर आठवण उमटत नाही, हेही पुढे वेगवेगळ्या गटांनी दाखवले आहे.

न्यायनिष्ठ :

खोटी आठवण माणसात घालायला प्रकाशतंतू लागत नाही, प्रश्नातला एक शब्द पुरतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. मोटारी एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे काहींना विचारले. इतरांना विचारताना ‘धडकून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद वापरले. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला, हे अपेक्षित म्हणता येईल. परंतु आठवड्याभराने, काचा फुटलेल्या दिसल्या का असे विचारल्यावर चक्काचूर हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी होय म्हटले, तर साधे क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच.

माझा कामानिमित्त साक्षीपुराव्याशी संबंध येतो. ठामपणे बोलणारा साक्षीदार खरे बोलत असतो, अशी सर्वसामान्य समजूत असते. तो प्रामाणिक असतो हे बहुतेक वेळा खरेच. पण प्रामाणिकपणा आणि अचूकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळे निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या प्रकरणांत चुकीची ओळख पटवणारे प्रत्यक्षदर्शी फार मोठ्या प्रमाणात आढळले आहेत. म्हणून ओळखपरेड, प्रश्नांची भाषा आणि पहिला जबाब किती लवकर नोंदवला गेला, यांकडे यंत्रणांनी अधिक काटेकोरपणे पाहायला हवे, असे मला तळमळीने वाटते. उत्खनन यांचे मत मला या कारणाने पटते.

तर्ककठोर :

सूक्ष्मदर्शी, २०१२ चा प्रयोग कसोटीला उतरतो, हे मान्य आहे. तरी मर्यादा लक्षात घ्यावी. उंदीर गोठला, म्हणजे भीतीचे वर्तन उमटले. त्याला पहिली पेटी आठवली का, हे आपण त्याला विचारू शकत नाही.

न्यायनिष्ठ यांच्या मुद्द्याशी जोडलेले एक संशोधन मात्र मला फार महत्त्वाचे वाटते. आठवण एकदा पक्की झाली की पक्कीच राहते, अशी जुनी समजूत होती. करीम नादेर, ग्लेन शेफी आणि जोसेफ लेडू यांनी २००० साली तिला धक्का दिला. उंदरांना विशिष्ट आवाजाची भीती शिकवली आणि दुसऱ्या दिवशी तोच आवाज पुन्हा ऐकवून लगेच अमिग्डला या भागात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध टोचले. नंतर त्या आवाजाची भीती बहुतांशी गेलेली होती. आवाज न ऐकवता तेच औषध दिलेल्या उंदरांची भीती कायम राहिली. याचा अर्थ आठवण जागी झाल्यावर काही तास ती पुन्हा मऊ पडते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते. मानसिक आघातानंतरच्या विकारांवर याचा उपयोग करण्याचे प्रयत्न झाले. त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि सर्व प्रकारच्या आठवणींना हे लागू पडते असेही दिसलेले नाही.

सांजवारा :

मी शास्त्राची विद्यार्थिनी नाही. माझ्या वडिलांना अल्झायमर आहे आणि त्यांची देखभाल मी करते. सकाळी कोण भेटून गेले ते त्यांना दुपारी आठवत नाही, पण शाळेतल्या वर्गमित्रांची नावे बाकांच्या क्रमाने सांगतात. आठवणी जिथे असतात तो भाग बिघडला असेल, तर जुन्या शिल्लक कशा? आणि नव्या गेल्या आहेत की मुळात तयारच झाल्या नाहीत? हे समजले तर त्यांच्याशी बोलताना मला उपयोग होईल, म्हणून विचारते आहे.

पिंपळपान :

सांजवारा, आपण विचारलेला पहिला प्रश्न तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांनी १८८१ साली नोंदवला होता : विस्मृतीत अलीकडचे आधी जाते आणि जुने नंतर. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स या भागांची झीज फार लवकर सुरू होते. नव्या घटनेचे दृश्य, आवाज, व्यक्ती, जागा यांची नोंद कॉर्टेक्सच्या वेगवेगळ्या भागांत होते आणि त्यांना एका प्रसंगात बांधण्याचे काम हिप्पोकॅम्पस करतो. वर्षे जातात आणि प्रसंग पुन्हा पुन्हा आठवला जातो, तसतसे कॉर्टेक्समधले हे भाग एकमेकांशी थेट जोडले जातात आणि हिप्पोकॅम्पसची गरज कमी होते, असे एक प्रमुख मत आहे. वर्गमित्रांची नावे तुमच्या वडिलांनी आयुष्यात कितीदा आठवली असतील, याचा विचार करावा.

लिन नेडल आणि मॉरिस मोस्कोव्हिच यांनी १९९७ साली वेगळे मत मांडले. त्यांच्या मते प्रसंग तपशिलांसह जिवंतपणे आठवायचा असेल तर हिप्पोकॅम्पस कायमच लागतो. त्याच्याविना जे उरते तो सारांश असतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

बोलण्याबाबत एवढेच सुचवतो की ‘सकाळी कोण आले होते, आठवते का?’ असे विचारण्यापेक्षा ‘सकाळी अमुक आले होते’ असे सांगून पुढे बोलावे. ती घटना त्यांच्या मेंदूत नीट नोंदली गेलीच नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि प्रश्नाने त्यांना केवळ आपली उणीव जाणवते.

स्वरलीन :

सांजवारा, वडिलांना गाणी आवडत असतील तर त्यांच्या तरुणपणीची गाणी लावून पाहावीत. ओळखीच्या गाण्यांची स्मृती अल्झायमरमध्ये तुलनेने उशिरापर्यंत टिकते, असे बऱ्याच रुग्णांत दिसले आहे.

दीपमाळ :

पिंपळपान यांनी सांगितलेली कॉर्टेक्समधली जोडणी केव्हा होते, याचे एक उत्तर झोपेत आहे. जॉन ओ’कीफ यांनी १९७१ साली उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठरावीक जागी गेल्यावरच स्पंदणाऱ्या पेशी शोधल्या. त्यासाठी २०१४ सालच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅक्नॉटन यांनी १९९४ साली दाखवले की दिवसा उंदीर फिरत असताना ज्या पेशी एकत्र स्पंदतात, त्याच पेशी नंतरच्या गाढ झोपेतही एकत्र स्पंदतात. ही उजळणी पुष्कळदा जागेपणीच्या क्रमाने आणि कितीतरी अधिक वेगाने होते, असे पुढच्या प्रयोगांत आढळले. रात्रभर जागून अभ्यास करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. हा धागाही ज्यांनी रात्री वाचला असेल त्यांनी आता निजावे, बाकीचे काम हिप्पोकॅम्पस करील.

नवशिका :

दीपमाळ यांचा सल्ला मनावर घेतो. प्रश्न असा की स्मृती वाढवता येते का? मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरला जातो, असेही वाचले आहे.

दीपमाळ :

दहा टक्क्यांची गोष्ट निराधार आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीतही शरीराच्या सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. नव्वद टक्के निकामी असलेला अवयव इतका महागडा राहिलाच नसता.

अभ्यासाबाबत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांचा २००६ सालचा प्रयोग पाहावा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. आठवणे ही केवळ परीक्षा नसते, त्याने आठवण घडते. तर्ककठोर यांनी सांगितलेल्या २००० सालच्या प्रयोगाशी हे मला जुळणारे वाटते.

मेंदू सरावाने प्रत्यक्ष बदलतो याचे प्रसिद्ध उदाहरण लंडनच्या टॅक्सीचालकांचे आहे. परवान्यासाठी त्यांना सुमारे २५ हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांना २००० साली त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. मुळातच तो मोठा असणारे लोक या व्यवसायात येत असतील, ही शंका रास्त होती. म्हणून २०११ साली कॅथरीन वूलेट आणि मॅग्वायर यांनी प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर मोजणी केली. उत्तीर्ण झालेल्यांत वाढ दिसली, अनुत्तीर्णांत दिसली नाही.

तर्ककठोर :

त्या २००० सालच्या अभ्यासात हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग इतरांपेक्षा लहान आढळला होता, हेही सांगायला हवे. क्षमता एका बाजूला वाढली तर दुसऱ्या बाजूला काही मोल द्यावे लागत असेल, ही शक्यता त्यात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. सर्व सांध्यांचा नकाशा हाती आला तर त्यावरून आठवण वाचता येईल का? एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींचा जोडणी-नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा, १,३९,२५५ चेतापेशींचा नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्याच वर्षी जेफ लिक्टमन यांच्या गटाने गूगलच्या सहकार्याने मानवी कॉर्टेक्सच्या एका घन मिलिमीटरचे चित्रण प्रसिद्ध केले : सुमारे ५७ हजार पेशी, सुमारे १५ कोटी सांधे आणि १,४०० टेराबाइट विदा. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान तुकड्याची ही गोष्ट आहे. आणि तरी त्या कृमीचा नकाशा चार दशके आपल्याकडे असूनही त्याचे सगळे वर्तन त्यावरून सांगता येत नाही. पेशी कोणती रसायने सोडतात, कोणता सांधा केव्हा किती जोर धरतो, हे जोडण्यांच्या नकाशात दिसत नाही.

उत्खनन :

इतके मोलाचे प्रतिसाद आले याबद्दल सर्वांचा आभारी आहे. क्रिक यांच्या प्रश्नावर मी या दरम्यान जे वाचले ते मांडतो, कारण त्यावर अद्याप कोणी लिहिलेले नाही.

टॉड सॅक्टर यांनी पीकेएम-झीटा या प्रथिनावर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांच्या आणि आंद्रे फेंटन यांच्या गटाने २००६ साली उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्या प्रथिनाचे काम रोखणारे द्रव्य टोचले, तेव्हा महिन्याभरापूर्वी शिकलेली जागेची आठवणही नाहीशी झाली. पुढे २०१३ साली दोन स्वतंत्र गटांनी हे प्रथिन तयारच न करणारे उंदीर जन्माला घातले आणि त्यांची स्मृती व्यवस्थित निघाली. सारा सिद्धान्त कोसळला असे तेव्हा वाटले. नंतर असे दिसले की त्या उंदरांत दुसरे, जवळचे प्रथिन त्याची जागा भरून काढत होते. आणि २०२४ साली याच संशोधकांनी दाखवले की किब्रा नावाचे प्रथिन बळकट झालेल्या सांध्यांवर राहते आणि पीकेएम-झीटाला तिथे धरून ठेवते. रेणू झिजून जातात, नवे येतात, पण नवे नेमके त्याच सांध्यावर येऊन बसतात, कारण त्यांना तिथे जोडून घेणारा जोडीदार हजर असतो. ही यंत्रणा पूर्ण उत्तर आहे असे मी म्हणणार नाही, परंतु क्रिक यांनी अशाच तऱ्हेचे उत्तर सुचवले होते : रेणूंचा गट टिकवायचा आणि त्यातले रेणू एकेक करून बदलायचे.

सूक्ष्मदर्शी :

याला जोडून तोनेगावा यांच्याच प्रयोगशाळेतले दोन निष्कर्ष सांगायला हवेत, आणि दुसरा विशेषतः सांजवारा यांच्यासाठी. २०१५ साली टॉमस रायन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना शिकवल्यावर लगेच प्रथिननिर्मिती रोखली. अपेक्षेप्रमाणे ते शिकलेले विसरले. पण खूण केलेल्या पेशी प्रकाशाने जाग्या केल्यावर आठवण परत उमटली. सांध्यांचे बळ गेले होते. कोणती पेशी कोणाशी जोडलेली आहे हा नमुना मात्र शिल्लक होता. मी आधी सांध्यांच्या बळावर भर दिला होता, आता जोडण्यांच्या नमुन्यावर तितकाच देईन.

२०१६ साली धीरज रॉय आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या उंदरांवर हेच केले. नेहमीच्या पद्धतीने त्यांना आठवत नव्हते, प्रकाशाने पेशी चेतवल्या की आठवत होते. म्हणजे निदान त्या उंदरांत, त्या अवस्थेत, आठवण तयार झालेली होती आणि तिच्यापर्यंत पोचण्याची वाट बंद होती. माणसात असे प्रकाशतंतू वापरता येत नाहीत आणि या प्रयोगातून उपचार निर्माण झालेला नाही, हे स्पष्ट करतो.

सांजवारा :

उपचार नसला तरी चालेल. नोंद झालीच नाही आणि वाट बंद आहे, या दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात, एवढे कळले. पिंपळपान यांनी सांगितल्याप्रमाणे आता मी प्रश्न न विचारता सांगत जाईन.

तर्ककठोर :

सर्व पुरावा उंदरांचा आहे, हा माझा आक्षेप अजून कायम आहे. माणसाला झालेले प्रत्यक्ष स्मरण पेशींमध्ये कोणी पाहिले आहे का?

पिंपळपान :

पाहिले आहे. अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत झटक्यांचा उगम शोधण्यासाठी काही दिवस बारीक विद्युतअग्रे बसवलेली असतात, आणि रुग्णांच्या संमतीने त्यांतून एकेका पेशीची स्पंदने नोंदवता येतात. इत्झाक फ्रीड यांच्या गटातल्या हागार गेल्बार्ड-सागिव्ह आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अशा रुग्णांना छोट्या चित्रफिती दाखवल्या. हिप्पोकॅम्पस आणि एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधल्या काही पेशी ठरावीक चित्रफितीलाच जोरदार प्रतिसाद देत होत्या. थोड्या वेळाने रुग्णांना एवढेच सांगितले की जे मनात येईल ते आठवून बोला. समोर काहीही दाखवले नाही. रुग्णाने एखादी चित्रफीत आठवल्याचे तोंडाने सांगण्याच्या किंचित आधी तीच पेशी पुन्हा स्पंदू लागे, आणि संशोधकांना तो कोणत्या चित्रफितीविषयी बोलणार हे त्यावरून कळू शकत होते.

इथे तुमच्या उंदराच्या आक्षेपाला जागा नाही, कारण काय आठवले ते रुग्ण स्वतः सांगत होते. आणि उत्खनन यांच्या मताला यातून अर्धा दुजोरा मिळतो. पाहताना चाललेल्या पेशी आठवताना पुन्हा चालतात, म्हणजे आठवणे हे घडलेले पुन्हा घडवणे आहे. पण त्या पेशी कोणत्याही नव्हेत, त्याच आहेत, म्हणजे ‘कुठे’ या प्रश्नालाही अर्थ आहे.